बाटली बुडली कशी

गॅसवर चहा होता आणि खिडकीसमोरून एक वजन खाली गेलं. दोरीच्या टोकाला लटकत, स्वतःभोवती गिरक्या घेत, अगदी सावकाश. आमच्या इमारतीचं बाहेरून प्लास्टर चाललंय. महिना झाला, परांची चढलीय, हिरवी जाळी लावलीय, मे महिन्याच्या भर उन्हात आम्ही शांती नगरवाले घरात दिवे लावून बसतो. खिडकीत अचानक कुणाचे पाय दिसले तरी मी हल्ली दचकत नाही. ह्या वजनाला मात्र दचकले, आणि का ते लगेच कळलं नाही. तात्या, म्हणजे माझे वडील, टेबलाशी पेपर वाचत होते ते उठून खिडकीपाशी आले. तात्याराव परभणीकडून इकडे आले आणि तीस वर्षं गवंडीकाम केलं. मीरा रोडच्या किती भिंती त्यांच्या हातच्या आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. ओळंबा दिसला की त्यांना सोयरा भेटल्यासारखं होतं. वर जो कोणी आहे त्याचा हात हलतोय, म्हणाले, आणि मग मला लहानपणापासून शंभरदा सांगितलेलं परत सांगितलं, की नुसती दोरी सोडली तर वाऱ्यावर उडत राहते, टोकाला जड काहीतरी लागतं, हलकी वस्तू आपणहून खाली जात नसते. मी हो हो म्हणत चहात साखर टाकत होते. चमचा हातातच राहिला. हलकी वस्तू आपणहून खाली जात नसते. मग बाटली बुडली कशी?

भाईंदरपुढच्या चौक गावातल्या, कोळ्यांच्या घरच्या विहिरीतली बाटली. सात महिन्यांपूर्वीची. अर्ध्या लिटरची, प्लास्टिकची, रिकामी, झाकण काढलेली, मानेला दोरी. अशी बाटली पाण्यावर आडवी पडते आणि तरंगत राहते, हे बालवाडीतल्या पोराला कळतं. माझी बाटली तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा दगडासारखी खाली गेली, गुडगुड करत भरली, आणि मी पीएच.डी. झालेली बाई खुशीत ती ओढून वर घेत होते. बुडली कशी, हा प्रश्न मला सात महिन्यांत एकदाही पडला नव्हता. चहा उतू गेला. तात्यांनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला बाटलीची मान दिसत होती. दोरीची गाठ दिसत होती. आणि गाठीच्या खाली, मानेला लागून, बोटभर लांबीचं काहीतरी करडं, वरून पांढुरकं. मी ते त्या दिवशीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि बघितलं नव्हतं. बाटली वर आल्यावर माझ्या बोटांना खडूसारखी भुकटी लागली होती आणि ती मी कुर्त्याला पुसली होती. कोळ्यांच्या घरातली दोरी, टोकाला करडं वजन, वर पांढरी भुकटी. जाळं खाली जावं म्हणून बांधतात ती शिशाची गोळी. चौकच्या लोकांना मी फोनवर सांगितलं होतं की तुमच्या विहिरीत शिसं आहे.

माझं काम काय आहे ते समोरच्या भाभींना मी चार वर्षं समजावतेय. त्या दर वेळी म्हणतात, अच्छा, पानी का टेस्टिंग करती हो, फिर हमारा आरओ भी चेक कर दो ना. पाण्यात धातू असतो हे लोकांना कळतं. पण तो तिथे राहतो कसा, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. सुटा असतो, की कुजक्या पानांच्या रसाला धरून असतो, की मिठाशी जोडी करून, की मातीच्या कणाला चिकटून? एकूण आकडा तोच, पण एक रूप पोटातून रक्तात शिरतं आणि दुसरं आल्या वाटेने निघून जातं. तेव्हा किती ते नंतर विचारा, आधी कुठल्या रूपात ते विचारा, हे मी कॉलेजांतून, सेमिनारमधून, पाणी खात्याच्या डुलक्या घेणाऱ्या इंजिनिअरांसमोर घसा कोरडा होईपर्यंत बोललेय. ह्या एका वाक्यावर मला डिग्री मिळाली, नोकरी मिळाली, ह्या घराचा हप्ता जातो. आणि चौकच्या विहिरीचा रिपोर्ट मी कोणत्या आकड्यावर दिला? एकूण. आमच्या फॉर्मवर एकच रकाना आहे, त्याच्यावर छापलंय ‘एकूण’, आणि मी तो भरला आणि खाली सही केली. एवढी शहाणी मी.

लिओनार्ड चौकचा. दोन वर्षं त्याच्या बोटीतून मी समुद्राचं आणि खाडीच्या तोंडाचं पाणी आणत होते. मला मॅडम म्हणतो आणि अरे-तुरे करतो, त्यांच्या बोलीत तसंच आहे, आणि मला ते फार आवडतं. मागच्या सप्टेंबरात त्याच्या बायकोचं, जुडिथचं, सातव्या महिन्यात मूल गेलं. पोटातच. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. कधी कधी होतं असं, म्हणाले. ‘कधी कधी होतं’ हे उत्तर घेऊन कोणती बाई घरी जाऊन निवांत बसेल? तीन आठवड्यांनी बोटीत लिओनार्डने मला विचारलं, मॅडम, आमच्या विहिरीचं पानी जरा बघशील का. घरात नळ होता, पण नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून त्याच्या आईने सुनेला सातही महिने विहिरीचंच पाणी पाजलं होतं. स्वतः ओढून, स्वतः गाळून, तांब्या हातात देऊन, पी बाय म्हणत. सगळी गल्ली तिला आय म्हणते, मीही म्हणते.

मी गेले त्या दिवशी माझं पाणी काढायचं भांडं, वजनदार, बाहेरून प्लास्टिकचा थर दिलेलं, बोटीत राहिलं होतं आणि बोट घेऊन लिओनार्डचा भाऊ ग्लेन समुद्रात गेला होता. खरं म्हणजे मी दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. तसं म्हणालेही. आय म्हणाली उद्या कशाला, दोरी हाय ना घरात. मी विहिरीवर वाकून आत बघत होते. चिऱ्यांनी बांधलेली, फार खोल नाही, आतल्या भिंतीला नेचे उगवलेले, खाली माझं डोकं आणि मागे आभाळ. माझ्या हातातली बाटली कुणीतरी घेतली आणि थोड्या वेळाने ती परत हातात आली तेव्हा तिला दोरी बांधलेली होती. मी पिशवीतून हातमोजे काढले. घातले. समोर आय दोरीचं दुसरं टोक पुढे करून उभी होती. “घे बाय, तूच काढ,” म्हणाली. आणि मी हातमोजे काढून पिशवीत परत ठेवले.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, समाधानला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. मोजे मी विसरले नव्हते, काढले होते. माझी आजी चंपाबाई गावच्या विहिरीपासून चार हात लांब घागर घेऊन बसायची. कुणी यावं, आपलं पाणी भरावं, मनात आलं तर वरून हिच्या घागरीत ओतावं. तात्या तेव्हा पाच वर्षांचे, तिच्या शेजारी बसून असायचे. एकदा कंटाळून ते पुढे गेले आणि लोंबणाऱ्या दोरीला त्यांनी हात लावला. आजीनेच त्यांना बडवलं, सगळ्यांच्या देखत, म्हणजे मग दुसऱ्या कुणी बडवायला नको. ही गोष्ट तात्यांनी मला एकदाच सांगितली. पण मी ह्या धंद्यात पडल्यापासून, कुठूनही पाणी घेऊन आले की ते विचारतात, विहीर होती का, आणि दोरी कुणी ओढली? तर समोर दुसऱ्याच्या विहिरीची दोरी, दुसऱ्याच्या घरची म्हातारी ती माझ्या हातात देतेय, आणि मी ती रबरी मोजे घालून धरायची? मला तो विटाळ वाटला. मी करणार असलेला विटाळ. मी उघड्या हातांनी दोरी धरली. तिचा काथ्या तळव्याला टोचत होता. बाटली खाली चालली होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं का बोलू, मला खालचं काही धड दिसत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी तात्यांना सांगितलं, दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. नेहमी ते एक भाकरी खातात, त्या दिवशी दोन खाल्ल्या.

आणि आता मला हे गिळायचं होतं की माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दहा मिनिटं आणि माझी सगळ्यात मोठी चूक, ही एकच दहा मिनिटं होती. प्लास्टिकची बाटली, भिंतीवर आपटत जाणारी शिशाची गोळी, तिच्यावर वर्षानुवर्षं खारं पाणी पिऊन चढलेलं पांढरं किटण, आणि त्याच्या शेजारी, दोन बोटांवर, बाटलीचं उघडं तोंड. मोहरीच्या टोकाएवढी कपची आत पडली तरी पुरे. बाटली वर आल्यावर मी नियमाप्रमाणे ॲसिड घातलं. ॲसिडने ती कपची विरघळवली. मशीनला काय कळतं, त्याने शिसं मोजलं. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या पुढे शिसं नको, तिथे एकशे चाळीस, एकशे साठ आणि नव्वद. अगं बये, एकाच विहिरीचं, दहा मिनिटांत काढलेलं पाणी, आणि आकड्यांत एवढा फरक? पाण्यात विरघळलेलं शिसं असं नाचत नाही. ते आकडे कानाशी येऊन ओरडत होते आणि मी त्यांची सरासरी काढली.

तात्यांना मी तिथेच, सांडलेला चहा पुसता पुसता, सगळं सांगितलं. फक्त मोज्यांचं नाही. ते ऐकत होते आणि बाहेर ओळंबा अजून आमच्या खिडकीसमोर डुलत होता. विहीर बुजवली हे त्यांना तेव्हाच आवडलं नव्हतं. नोव्हेंबरात लिओनार्डने मला फोटो पाठवला होता, दोन टेम्पो डेब्रिज, इकडे मीरा रोडच्या जुन्या इमारती पाडतात तिकडचंच, विहिरीत ओतताना, आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह. तात्या तेव्हा म्हणाले होते, विहीर कुणी बुजवतं का संघू. मी त्यांना रागाने म्हणाले होते, तुम्हाला यातलं कळत नाही. आज त्यांनी ते काढलं नाही. एवढंच म्हणाले, “जाऊन सांग. फोनवर नको.”

पण आधी मला खात्री हवी होती. माणूस खात्री कशासाठी शोधतो? मी तर आपलं चुकलेलं नसावं म्हणून शोधत होते. लॅबमध्ये पोचले तेव्हा मशीनवरचा रोशन म्हणाला मॅडम आज शनिवार, तुम्ही कशा. मी फ्रीझर उघडला. तिथे तळाशी चौकच्या पाण्याच्या तीन लहान बाटल्या होत्या. त्या दिवशी अर्धं पाणी मी ॲसिड घालण्याआधीच गाळून ठेवलं होतं, रूपं मोजण्यासाठी, नेहमीसारखं; बारीक गाळणीतून गेलेल्या पाण्यात कण राहत नाहीत, विरघळलेलं तेवढं राहतं. पण त्या कामाला महिनाभराची रांग असते आणि लिओनार्डचा फोन रोज येत होता, म्हणून मी एकूण आकडा देऊन मोकळी झाले होते. बाटल्या वितळेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून राहिले. मनात म्हणत होते, असू दे. शिसं असू दे. अहो, मी एका विहिरीत विष असू दे म्हणून प्रार्थना करत होते. मशीनने आकडे दिले. काही नाही. शिसं बाटलीच्या अंगाला आतून चिकटून बसतं, म्हणून तिन्ही बाटल्या ॲसिडने खंगाळून तेही मोजायला लावलं. काही नाही. रोशन म्हणाला, एकदम क्लीन पानी है मॅडम, कुठलं आहे? मी म्हणाले, विहिरीचं.

भाईंदरवरून चौकची बस मिळाली. समाधानला फोन केला. त्याने शांतपणे ऐकलं, तो नेहमीच शांतपणे ऐकतो, आणि मग अगदी बरोबर ते सांगितलं. विहीर तर गेली. सांगून ती परत येणार आहे का? नोकरी जाईल, आणि त्या लोकांची जखम उघडी होईल ते वेगळंच. त्याचं एकही वाक्य मला खोडता येईना. बस मोर्वा गावातून पुढे वळत होती, खिडकीतून सुक्या मासळीचा वास यायला लागला, आणि मी विचार करत होते की खरंच, ह्या जगात हे फक्त मला, तात्यांना आणि समाधानला माहीत आहे. मी पुढच्या स्टॉपला उतरून परत जाऊ शकते. मला कोण विचारणार आहे, बाटली बुडली कशी? पण मार्चमध्ये बोटीत लिओनार्ड जे बोलला होता ते सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं. रिपोर्ट आल्यापासून घरात दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणाला. “जुडिथ आयच्या हातचं पानीपन घेत न्हाय.” तेव्हा मी हं म्हणून बाटलीवर लेबल चिकटवत राहिले होते. हातचं पाणी घेत नाही. हे शब्द माझ्या घरात चार पिढ्या ऐकलेले, आणि ते मी दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवले. सही करून.

आणखी एक भीती होती आणि ती खरी भीती होती. शिसं विहिरीचं नव्हतं असं म्हटलं की ते कुठून आलं हे सांगावं लागणार. गोळीचं नाव घेतलं की गोळी कुणी बांधली, हे येणार. बाटली माझ्या हातून कुणी घेतली होती? लिओनार्डने? मला आठवत नव्हतं. म्हणजे ज्या घराच्या डोक्यावरून मी हे ओझं काढायला चालले होते, त्याच घरातल्या कुणाच्या तरी डोक्यावर ते परत ठेवून येणार. नवरा, नाही तर सासू. मी बसमध्ये वाक्यं जुळवत होते. चूक माझी, चूक माझी, असं दर वाक्याला घालत होते. कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा तिकीट काढलं.

लिओनार्ड दारात जाळं पसरून बसला होता. मला बघून हसला, मॅडम आज बाटल्या न्हाय आनल्या, म्हणाला. आय ओट्यावर बसून बोंबलांची टोकं कापत होती. विहीर होती तिथे आता सिमेंटचा गोल कोबा, त्याच्यावर कपडे वाळत घातलेले. मला जुडिथ हवी होती. लिओनार्डने हाक मारली तशी ती बाहेर आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तीस-बत्तीसची असेल. माझ्याहून लहान. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली आणि मी भरभर, शाळेत पाठ म्हणतात तसं बोलत सुटले, की पाण्यात शिसं नव्हतं, कधीच नव्हतं, ते बाटलीला बांधलेल्या वजनाचं होतं, मी बघायला हवं होतं, बघितलं नाही, परत मोजायला हवं होतं, मोजलं नाही, आज मोजलं, पाणी चांगलं होतं. लिओनार्डच्या हातातली सुई थांबली. पहिल्यांदा त्याने कोब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं हा आता उठून मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, दोन टेम्पो टाकले गं मॅडम.

जुडिथने विचारलं, अगदी हळू, जणू मी डॉक्टरीण आहे आणि ती माझ्या केबिनमध्ये बसलीय. “मग कशानं?”

मी येताना हजार गोष्टींचा विचार केला होता, ह्याचा नव्हता केला. मला वाटलं होतं मी तिच्यावरचं ओझं काढतेय. सात महिने तिच्याजवळ एक कारण होतं. वाईट होतं, खोटं होतं, पण होतं. रात्री जाग आली की हात लावून बघता यायचं. ते मी आत्ता, उन्हात, उभ्याउभ्या तिच्या हातातून काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माहीत नाही, मी म्हणाले. मला खरंच माहीत नाही. तिने मान हलवली. कोयता ठेवल्याचा आवाज झाला. आय उठून उभी राहिली होती. तिचे दोन्ही हात मासळीने माखलेले, ते तिने पुढे धरले होते आणि ती त्यांच्याचकडे बघत होती.

“गोली मीच बांदली व्हती,” ती म्हणाली. “बाटली तरंगंल म्हनून. मना काय म्हाईत.”

मी बोलायला तोंड उघडलं, चूक माझी म्हणायला, पण तिथे माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. जुडिथ सासूकडे बघत होती. मग ती आत गेली. मला वाटलं, संपलं, हीच भीती होती. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात माझा रिपोर्ट होता, चार घड्या घातलेला, घड्यांवर झिजलेला. बायबलमध्ये ठेवायची, हे लिओनार्डने मला नंतर सांगितलं. तिने तो माझ्यापुढे धरला. “ह्याच्यावर लिव,” म्हणाली. काय लिहू, मी विचारलं. पान्यानं झालं न्हाय असं लिव. सही कर. पयल्यासारखी.

कागद मी कोब्यावर ठेवला, वाळत घातलेली चादर बाजूला करून. एक सांगते, मी मोजलं होतं ते फक्त शिसं. पाण्यात आणखी शंभर गोष्टी असतात, त्यांच्याबद्दल मला काहीही लिहायचा अधिकार नव्हता, आणि हे मला पेन उघडतानाही माहीत होतं. कुणाला ह्याचा जाब विचारायचा असेल तर मला विचारा. त्या एका रकान्याच्या खाली, ‘एकूण’च्या खाली, जागा होती तेवढ्यात मी मराठीत लिहिलं. सावकाश, सुटं सुटं, तात्या पोस्टकार्ड लिहितात तसं. खाली पूर्ण नाव, तारीख. पेनाखाली सिमेंट खडबडीत होतं, त्यामुळे अक्षर जागोजागी तुटलं. जुडिथने कागद उचलून मनात वाचला. आयला वाचता येत नाही. ती हात तसेच पुढे धरून उभी होती, त्यांना कुठे पुसायचं हेच तिला कळत नव्हतं.

“आय,” जुडिथ म्हणाली. “आयक.”

सात महिन्यांनी. लिओनार्ड जाळ्यावरून उठला आणि उठून तसाच उभा राहिला. जुडिथ वाचायला लागली, एकेक शब्द, प्रार्थना म्हणतात त्या सुरात. ह्या विहिरीच्या पाण्यात शिसं नव्हतं. बाटलीत आलं ते गोळीचं होतं आणि ती न बघता पाणी काढलं मी, ती चूक माझी. मूल गेलं ते पाण्यामुळे नाही. पाणी पाजणाऱ्या आयमुळे नाही. इथे आयच्या घशातून कसला तरी आवाज आला. जुडिथ पुढे गेली नाही. तिचे डोळे पुढच्या ओळीवर होते आणि ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ती ओळ तिने मला लिहायला सांगितली नव्हती, मी आपणहून लिहिली होती. कोब्यावरची चादर वाऱ्याने फडफडली. आय एक पाऊल पुढे आली, मासळीच्या हाताच्या मनगटाने तिने सुनेच्या गालावरून एकदा पुसल्यासारखं केलं.

“वाच ना बाय,” ती म्हणाली. “फुडं काय लिवलंय?”

जुडिथने ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतःचं नाव वाचलं. पाणी पिणाऱ्या जुडिथमुळे नाही.